कार्ड एरर!
(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)

जुलैतल्या एका रविवारी सकाळी आमच्या होस्टेलच्या तळमजल्यावरच्या बाथरूममधलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. दुपारपर्यंत मेस बंद झाली. संध्याकाळपर्यंत तळमजल्याची सगळी जनता गाद्यांसकट वरच्या मजल्यावर आली आणि आमच्या तिघांच्या खोलीत सात जण झाले! पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला.

घाबरू नका, हा लेख त्या वासावर नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डावर आहे. ड्रेनेजच्या लाइनमध्ये मेमरी कार्डाचा काय संबंध, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण त्या आठवड्यात जे शिकलो ते कुठल्याच जर्नलमध्ये लिहिलेलं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

सापासारखा कॅमेरा

कोथरूड हे मूळचं गाव. १९७० आणि १९८० च्या दशकांत इथं बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळातल्या लाइन बऱ्याच ठिकाणी स्टोनवेअरच्या, म्हणजे चकाकी दिलेल्या भाजक्या मातीच्या पाइपांच्या आहेत. हे पाइप लांबीला लहान, त्यामुळे दर दोन-तीन फुटांवर सिमेंटचा सांधा. सांधा जरा उघडला की झाडाची मुळं ओलाव्याच्या वासानं आत शिरतात, मुळांत मेसचं तेल आणि भात अडकतो, आणि झाला चोकअप!

पूर्वी अशा वेळी बांबूच्या पट्ट्या घालायचे किंवा अंदाजानं खोदायचे. आता पाइप तपासायचा कॅमेरा मिळतो. मंगळवारी प्लंबरकाका तोच घेऊन आले. रिळावर गुंडाळलेली ३० मीटर केबल, ताठ पण वाकणारी. तिच्या टोकाला अंगठ्याएवढं कॅमेऱ्याचं डोकं, भोवती एलईडी दिव्यांचं कडं. दुसरीकडे सुटकेसमध्ये बसवलेला ७ इंची स्क्रीन, रेकॉर्डर, बॅटरी आणि मेमरी कार्डाची खाच. केबल किती मीटर आत गेली तो आकडा आणि तारीख स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटते आणि चित्रासोबत रेकॉर्डही होते. हा मीटरचा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण खोदायचं कुठं हे तोच सांगतो. (काही कॅमेऱ्यांच्या डोक्यात ५१२ हर्ट्झचा छोटा ट्रान्समीटरही असतो. वर जमिनीवर रिसीव्हर फिरवून डोकं नेमकं कुठं आहे ते कळतं. काकांकडे तो रिसीव्हर नव्हता.)

त्या दिवशी सक्शनची गाडी बोलावून चेंबर उपसला आणि लगेच कॅमेरा आत सोडला. रेक्टर सर होते, शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाकाही छत्री घेऊन हजर होते. कारण भांडण आधीच सुरू झालं होतं! आमचं म्हणणं, तुमच्या झाडाची मुळं. त्यांचं म्हणणं, तुमच्या मेसचं खरकटं. आमच्या चेंबरपासून सोसायटीच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं तर १९ मीटर भरलं. चोकअप १९ च्या अलीकडे निघाला तर खर्च आमचा, पलीकडे निघाला तर त्यांचा.

पाऊस वाढला तसे सेक्रेटरीकाका घरी गेले. अकरा मिनिटं कॅमेरा आत होता. मुळांचा एक मोठा झुपका दिसला, काकांनी मान हलवली, आणि तेवढ्यात स्क्रीन बंद पडला. बॅटरी संपली होती. चार्जर लावून पुन्हा चालू केल्यावर स्क्रीनवर आलं : ‘कार्ड एरर. फॉरमॅट करायचं?’ काकांच्या हाताखालच्या मुलानं ‘हो’ दाबलं.

‘मुळं किती मीटरवर होती?’ सरांनी विचारलं.

‘पंधरा ते पंचवीसच्या मध्ये कुठंतरी,’ काका म्हणाले.

म्हणजे भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, हे कुणालाच सांगता येईना. आणि तोपर्यंत पावसानं चेंबर पुन्हा तुडुंब भरला होता. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. सक्शनची गाडी परत दोन दिवसांनी मिळणार होती.

‘उतरवू का याला?’

यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहितोय. काका म्हणाले, ‘सर, पंपानं जरा पाणी कमी करतो, याला दोरी बांधून उतरवतो. पुढच्या चेंबरमधून हात घालून बघेल.’ तो मुलगा माझ्याच वयाचा. त्यानं काही न बोलता शर्ट काढायला सुरुवातसुद्धा केली होती.

चेंबरमध्ये काय असतं? सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की आपल्या नाकाची जाणीवच मरते आणि वास येणं बंद होतं, म्हणजे ‘वास नाही, तर धोका नाही’ हे इथं उलटं आहे. सोबत मिथेन, आणि ऑक्सिजन कमी. माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो, वाचवायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो. अशा बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला ड्रेनेज किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी दोरी बांधायला आपण किती पटकन तयार होतो, ते मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं.

सर म्हणाले, ‘शर्ट घाल बाळा. आज कुणी उतरणार नाही.’ मग माझ्याकडे वळून, ‘काय रे, तुमच्या ब्रँचचं काम आहे ना हे? उद्या सकाळपर्यंत त्या कार्डातून काही निघतं का बघ.’

व्हायवामध्येसुद्धा एवढा घाम फुटला नव्हता.

फॉरमॅट केलं म्हणजे पुसलं का?

नाही! आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. आपल्या होस्टेलचंच उदाहरण घेऊ.

समजा, एका मुलाचं सामान १०१ नंबरच्या खोलीत मावलं नाही, उरलेलं २०४ मध्ये ठेवलं आणि त्याहून उरलेलं ३०७ मध्ये. कोणत्या खोलीनंतर कोणती खोली, हे रेक्टरांच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. मेमरी कार्डावर हेच रजिस्टर म्हणजे फॅट, ‘फाइल अॅलोकेशन टेबल’. खोल्या म्हणजे क्लस्टर.

फाइल डिलीट केली की यादीतल्या नावावर फक्त काट मारली जाते. साधं फॉरमॅट केलं की रजिस्टरची पानं फाडून कोरी लावली जातात. दोन्ही वेळा खोल्यांमधलं सामान जिथल्या तिथंच असतं! फक्त रेक्टरांना वाटतं की सगळं होस्टेल रिकामं आहे. धोका पुढे आहे. नवा मुलगा आला की त्याला १०१ दिली जाते आणि जुनं सामान बाहेर फेकलं जातं. म्हणून पहिला नियम :

एरर आल्यावर त्या कार्डावर पुन्हा काहीही रेकॉर्ड करू नका. कार्ड बाहेर काढा, वहीत ठेवा आणि चहा प्या.

(एक इशारा. काही उपकरणं फॉरमॅट करताना कार्डाला खरोखर पुसण्याची आज्ञा देतात. तसं झालं असेल तर काही मिळत नाही. आमच्या कॅमेऱ्यानं तसं केलं नव्हतं, हे आमचं नशीब.)

त्या रात्री काय केलं

१. कार्डाची बाजूची कळ ‘लॉक’वर सरकवली आणि रीडरमध्ये घातलं. लॉक असलं की रीडर सहसा त्यावर लिहू देत नाही.

२. आधी संपूर्ण कार्डाची बिट-न्-बिट नक्कल हार्डडिस्कवर घेतली. लिनक्समध्ये यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा आहे. कार्ड वाचताना अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरावं, ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग वाचतं. १६ जीबीच्या कार्डाला पंधरा मिनिटांच्या आसपास लागली. त्यानंतरचे सगळे प्रयोग नकलेवर. मूळ कार्ड कपाटात, कुलपात.

३. नकलेवर ‘फोटोरेक’ चालवलं. हे फुकट मिळतं. ते फाटलेल्या रजिस्टरकडे बघतच नाही, थेट खोल्यांमध्ये शिरून फाइलची ओळखीची सुरुवात शोधतं. चार जुनी रेकॉर्डिंग मिळाली, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी लाइनची होती. आमचं नव्हतं!

रात्रीचा दीड वाजला होता. खोलीतले बाकीचे सहा जण घोरत होते.

४. मग डोक्यात प्रकाश पडला. आमची फाइल बंदच झाली नव्हती. कॅमेरा एव्हीआय फाइल लिहितो. तिचं आपल्या जर्नलसारखं असतं, प्रयोग आधी लिहिले जातात आणि अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी. ‘स्टॉप’ दाबल्यावर कॅमेरा शेवटी अनुक्रमणिका जोडतो आणि सुरुवातीला फाइलची लांबी भरतो. आमची बॅटरी मध्येच गेली, म्हणून लांबी शून्य आणि अनुक्रमणिका गायब. असली फाइल निदान कार्डावर नावानं दिसत असती, तर व्हीएलसी प्लेअरला एव्हीआय दुरुस्त करायला सांगून किंवा ‘एफएफएमपेग’नं नव्यानं लिहून काम भागलं असतं. आमचं तर रजिस्टरही गेलेलं.

५. पण या कॅमेऱ्यातला व्हिडिओ ‘मोशन जेपेग’ प्रकारचा होता. म्हणजे प्रत्येक फ्रेम हा एक वेगळा जेपेग फोटो. प्रत्येक जेपेग हेक्समध्ये ‘एफएफ डी८’ या दोन बाइटनं सुरू होतो आणि ‘एफएफ डी९’नं संपतो. पायथनमध्ये चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. नक्कल सुरुवातीपासून वाचत जा, ‘डी८’ सापडलं की ‘डी९’पर्यंत कापून घे आणि एकामागून एक चिकटव. कार्ड बरंचसं रिकामं असल्यामुळे फाइल सलग खोल्यांमध्ये लिहिली गेली होती. तुकडे विखुरलेले असते तर हे एवढं सोपं गेलं नसतं.

६. पहिला फोटो उघडला, उघडेचना! अर्धा तास डोकं धरून बसलो. कारण असं निघालं की मोशन जेपेगमध्ये जागा वाचवण्यासाठी हफमन तक्ते बऱ्याचदा फ्रेममध्ये लिहीतच नाहीत. ते ठरलेलेच असतात, असं धरून चालतात. फोटो बघायच्या साध्या प्रोग्रॅमला हे कळत नाही, पण एफएफएमपेगला कळतं. त्याला सगळ्या फ्रेम एकत्र दिल्या आणि सेकंदाला २५ सांगितल्या.

पहाटे चार वाजता स्क्रीनवर आमचा पाइप दिसला. अकरा मिनिटांच्या साधारण साडेसोळा हजार फ्रेम व्हायला हव्या होत्या, सोळा हजाराला थोड्या कमी मिळाल्या. शेवटचे काही सेकंद गेले होते, पण मुळांचा झुपका होता. कोपऱ्यात आकडा : १६.८ मीटर.

म्हणजे भिंतीच्या अलीकडे. आमच्याच आवारात.

मग काय झालं

खरं सांगतो, एक क्षण वाटलं की ‘काही मिळालं नाही’ असंच सांगावं. रात्रभर जागून आपल्याच होस्टेलला खर्चात पाडायचं? त्यात भर म्हणजे मुळांत भात, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मेसचा एक चमचा स्वच्छ दिसत होता. सकाळी सरांना दाखवलं. ते दोनदा बघून म्हणाले, ‘सेक्रेटरींनाही बोलाव.’ एवढंच.

सेक्रेटरीकाकांनी आधी तारखेवर बोट ठेवलं. कोपऱ्यात ‘१ जानेवारी २०१५’! कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी मेलेली, त्यामुळे तो दर वेळी मूळ तारखेवर जात होता. ‘हे जुनं रेकॉर्डिंग कशावरून नाही?’ प्रश्न बरोबरच होता. मग मी पहिली फ्रेम दाखवली. कॅमेरा चेंबरमध्ये उतरताना वर त्यांचीच छत्री दिसत होती! ते हसले आणि विषय संपला.

गुरुवारी १६.८ मीटरवर वरून खोदलं. उघडलेला सांधा आणि मुळं तिथंच निघाली. तेवढा भाग बदलून पीव्हीसीचा पाइप बसवला. चेंबरमध्ये कुणीही उतरलं नाही. जुनी चार रेकॉर्डिंग मी काकांना परत दिली. दुसऱ्यांची लाइन बघायचं मला कारण नव्हतं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून

नंतर काकांच्या कॅमेऱ्याची मी नीट तपासणी केली. सर्व्हे लॅब, वर्कशॉप किंवा फेस्टचं शूटिंग करणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

‘कार्ड नाही’ असं आलं तर : बहुतेक वेळा कार्ड नाही, त्याचे संपर्क खराब असतात. मोठ्या एसडी कार्डाला मागे ९ सोनेरी पट्ट्या असतात. ओल्या हातानं कार्ड घातलं की त्यांवर थर बसतो. कॅमेरा बंद करून कार्ड काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं पुसा, पूर्ण वाळू द्या. (तपकीर गल्लीत छोटी बाटली मिळते.) तोंडानं फुंकर मारू नका, त्यात ओलावा असतो. मायक्रो कार्ड अॅडॅप्टरमध्ये घालून वापरणं टाळा. जितके सांधे, तितकी गळती. हे पाइपलाही लागू!

‘कार्ड लॉक आहे’ : बाजूची कळ बघा. गंमत म्हणजे कळ सरकवल्याचं कार्डाला कळतच नाही. खाचेतला छोटा स्विच ती जागा चाचपतो. कळ तुटून पडली असेल तर कॅमेरा कार्ड लॉक समजतो. त्या जागी सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवला की काम होतं. पण हे तात्पुरतं. टेप आत अडकायच्या आधी नवं कार्ड घ्या.

नवं कार्ड, तरी ‘फॉरमॅट करा’ : ३२ जीबीपर्यंतचं कार्ड एसडीएचसी प्रकारचं, त्यावर फॅट३२ असतं. त्याच्या वरचं एसडीएक्ससी, त्यावर एक्सफॅट. पुष्कळ कॅमेऱ्यांना एक्सफॅट वाचता येत नाही. मोठं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड, असं नाही. माहितीपुस्तिकेत कमाल किती लिहिलंय ते बघा. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, पण काम सुरू व्हायच्या आधी!

चित्र अडखळतं किंवा रेकॉर्डिंग आपोआप थांबतं : कार्डाचा लिहिण्याचा वेग बघा. क्लास ४ म्हणजे सेकंदाला किमान ४ मेगाबाइट, क्लास १० म्हणजे १०. हिशेब सोपा आहे. व्हिडिओ ८ मेगाबिटचा असेल तर ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी. १६ जीबीमध्ये साधारण चार तास मावतात. क्लास १० घेतलं की भरपूर सवड राहते.

जुन्या फाइल गायब किंवा तुटक : दोन शक्यता. एक, ‘लूप रेकॉर्डिंग’ चालू आहे आणि कार्ड भरल्यावर जुनं पुसलं जातंय. दोन, कार्ड नकली आहे. आत ४ जीबीची चिप आणि वर ३२ जीबी छापलेलं असतं, खरी जागा संपली की पुढचं सगळं वाया. कार्ड घेतल्याबरोबर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’नं पूर्ण भरून तपासा. मात्र १६ जीबीचं कार्ड संगणकात १४.९ दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. तो हजार हजारानं मोजतो, संगणक १०२४ नं.

आणि रोजच्या चार सवयी : बॅटरी अर्ध्यावर आली की चार्जर लावा. बंद करायच्या आधी ‘स्टॉप’ दाबा आणि पाच सेकंद थांबा. सेटिंगमध्ये पाच-पाच मिनिटांचे तुकडे ठेवा, म्हणजे गेला तर शेवटचाच तुकडा जाईल. तारीख तपासा, आणि सुरुवातीला कागदावर तारीख, जागा आणि चेंबर नंबर लिहून कॅमेऱ्यापुढे धरा. दर वेळी कुणाची छत्री असेलच असं नाही!

शेवटी

हजारो रुपयांच्या कॅमेऱ्यात सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कार्ड. म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण काम झाल्यावर हातात उरतं ते कार्डावरचंच. ते उरलं नाही तर पुन्हा अंदाज, पुन्हा भांडण, आणि शेवटी कुणीतरी दोरी बांधून खाली.

तो मुलगा गुरुवारी खोदायला आला होता. मी त्याला फॉरमॅटचा प्रश्न आला तर काय दाबायचं ते दाखवलं. तो म्हणाला, ‘मला वाटलं, हो म्हटलं की नीट होईल.’ खरंय. आपल्यालाही असंच वाटतं.

आता मेसमध्ये प्रत्येक सिंकला जाळी बसवलीय. कृपया ताटातलं खरकटं आधी डब्यात टाका, मग ताट धुवा. आणि ज्याचा चमचा हरवला असेल त्यानं रेक्टर ऑफिसमधून ओळख पटवून घेऊन जावा!